कळल्यासारखं

शाळेत विज्ञानाच्या बाईंना मुलं पाठीमागे 'रेडिओ' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा राग तर नव्हताच, उलट मनातून थोडा अभिमानच होता. हा रेडिओ एकदा लागला की वर्गातली खोडकर पोरंसुद्धा हनुवटीला हात लावून बसत. रक्ताभिसरण शिकवताना बाई स्वतःच तांबडी पेशी होऊन बाकांमधून धापा टाकत पळत. पण त्यांचा हुकमी धडा म्हणजे 'तरंगणं आणि बुडणं'. त्यात त्या चक्क पाण्याला बोलतं करत. कमरेवर हात ठेवून त्या पाण्याच्या आवाजात दरडावत, "माझ्या घरात शिरलास ना? मग तू जेवढी जागा अडवशील, तेवढ्या जागेतल्या पाण्याचं वजन असेल तेवढाच तुझा भार मी उचलणार. वरचं तुझं तू बघ!" मुलं हसून हसून लोळत. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दार लावून घेत.

वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात बाईंच्या नावापुढे कायम 'उत्कृष्ट' असे. जुने मुख्याध्यापक दारातून डोकावत, खुललेले चेहरे बघत आणि शेरा मारून मोकळे होत.

मग नवे मुख्याध्यापक आले. बाईंपेक्षा वयानं चांगलेच लहान, बारीक आवाजाचे, ऐकताना मान तिरकी करणारे. त्यांनी पहिल्याच सभेत सांगितलं, की ते प्रत्येकाच्या तासाला मागे बसतील, नंतर निवांत बोलतील, आणि मग प्रत्येक शिक्षकानं वर्षासाठी दोन उद्दिष्टं ठरवायची. एक मुलांसाठी, एक स्वतःसाठी.

"या वयात माझी काय प्रगती व्हायची, ती चष्म्याच्या नंबरात," चित्रकलेचे सर शिक्षकखोलीत म्हणाले. सगळे हसले. बाईही हसल्या. त्यांना कशाची काळजी? त्यांनी मुद्दामच मुख्याध्यापकांना तरंगण्या-बुडण्याच्या तासाला बोलावलं.

तास झकास झाला. पाणी गरजलं, खिळा बुडाला, मेणबत्ती तरंगली आणि शेवटी मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनीही वाजवल्या. मधल्या सुट्टीत मात्र त्यांनी बाहेर पडणाऱ्या चार-पाच मुलांना थांबवलं आणि बाईंच्या देखतच सहज विचारलं, "मला सांगा, झाडाचा हा एवढा थोरला ओंडका तळ्यात ढकलला तर काय होईल?"

"बुडेल," मुलं एका सुरात म्हणाली.

"का रे?"

"जड असतो ना, सर!"

बाईंची कानशिलं तापली. पहिल्या बाकावरची हुशार मुलगीसुद्धा त्यांच्यात होती, आणि तीही मान डोलवत होती.

"अगं, आत्ताच नाही का आपण..." बाईंनी तोंड उघडलं, पण मुख्याध्यापकांनी मुलांना "पळा, डबा खा" म्हणून सोडून दिलं.

दुपारी खोलीत बसल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमचा तास संपूच नये असं वाटत होतं. खरं सांगतोय."

"मग ओंडका मध्ये कशाला आणलात?"

"मलाही वाटलं नव्हतं तो बुडेल म्हणून." ते जरा संकोचून हसले. "तासभर फक्त तुम्हीच विचार करत होता, बाई. मुलं बघत होती. आता तुम्हीच सांगा, यंदाचं उद्दिष्ट काय ठेवायचं?"

"स्वेच्छानिवृत्ती," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

घरी आल्यावर त्यांनी पर्स आपटली. यजमान दवाखान्यात औषधं द्यायचं काम करत. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून आलेले असत. तरी त्यांनी चहा ठेवला आणि बाईंचं सगळं ऐकून घेतलं. कालचा पोरगा, मिसरूड फुटल्याला चार दिवस झाले नाहीत, आणि मला शिकवतो! इतक्या वर्षांत कुणाची हिंमत झाली नव्हती! शेवटी दम लागल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही काही बोलत का नाही?"

"जागा कुठे होती?" यजमान म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच वरच्या वर्गाला, मागच्या वर्षी हाच धडा शिकलेल्या मुलांना, तोच प्रश्न विचारला. पाण्याचं बोलणं त्यांना पाठ होतं, अगदी हातवाऱ्यांसकट. ओंडका मात्र त्यांनीही बुडवला. त्या संध्याकाळी बाईंनी उद्दिष्टं लिहून दिली. मुलांसाठी: कधी न पाहिलेल्या वस्तूबद्दल प्रत्येकानं अंदाज करावा आणि कारण स्वतःच्या शब्दांत सांगावं. स्वतःसाठी: प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं.

"दुसरं तुमच्यानं व्हायचं नाही," चित्रकलेचे सर म्हणाले.

झालंही तसंच. बाई प्रश्न विचारत आणि श्वास घेण्याआधीच उत्तर त्यांच्या तोंडातून निसटे. मग त्यांनी तोंडात लवंग धरून पाहिली. लवंग गिळली गेली, उत्तर बाहेर पडलंच. शेवटी त्या प्रश्न विचारून सरळ खिडकीकडे जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहू लागल्या. पहिल्यांदा असं केलं तेव्हा वर्गात चलबिचल झाली, मग कुजबुज, आणि थोड्या वेळानं मॉनिटर पाण्याचा पेला घेऊन आला.

"बाई, चक्कर येतेय का? कुणाला बोलावू?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. "मला काही झालेलं नाही. मी तुमच्या उत्तराची वाट बघतेय."

"पण उत्तर तर तुम्ही सांगता ना?" पोरानं निरागसपणे विचारलं.

ते दिवस वाईट गेले. वर्गात गोंगाट वाढला, धडे मागे पडले. सर्वांत वाईट म्हणजे मुलांच्या चेहऱ्यावरची ती चमक गेली. बाई वर्गात शिरल्या की पूर्वी जो उल्हास उसळायचा, त्याची सवय बाईंना किती होती हे तो गेल्यावर कळलं. चाचणीत गुण घसरले, आणि दोन पालक मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन आले: बाई हल्ली शिकवतच नाहीत, नुसत्या उभ्या असतात.

मुख्याध्यापकांनी बोलावलं तेव्हा बाईंना वाटलं, चला, सुटले. आता हेच म्हणतील, बाई, जाऊ द्या, पहिल्यासारखं शिकवा.

"पालकांना मी सांगितलंय, की हे माझ्या संमतीनं चाललंय, बोल लावायचा तर मला लावा," ते म्हणाले. "पण थांबायचं असेल तर थांबा, बाई. तुम्हाला वर्गात काय दिसतंय, त्यावर ठरवा."

"मला काय दिसणार? गोंधळ दिसतोय," बाई तुटकपणे म्हणाल्या. पण त्यांनी तिथेच सोडून दिलं नाही, याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

त्याच आठवड्यात पहिल्या बाकावरची ती हुशार मुलगी प्रयोगशाळेत मागे रेंगाळली. बाई चंचुपात्रं विसळत होत्या.

"बाई, रागवणार नाही ना?"

"बोल गं."

"मला ते जड-हलकं कधीच कळलं नव्हतं. तुम्ही सांगत असायचात ना, तेव्हा अगदी कळल्यासारखं वाटायचं. घरी गेल्यावर काहीच नसायचं. मला वाटायचं, मीच मठ्ठ आहे. म्हणून मग मी सगळं पाठ करायचे."

बाईंच्या हातातलं पात्र तसंच नळाखाली राहिलं. ही मुलगी दरवर्षी पहिली येत होती. टाळ्याही सगळ्यांत आधी हीच वाजवायची. "बरं झालं सांगितलंस," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या. मुलगी गेल्यावर त्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिल्या. दुसरी कुणी असती तर मनाला लावून घेतलं असतं, असं त्या नंतर यजमानांना म्हणाल्या, आणि मग खाली बघून म्हणाल्या, "मीही घेतलंच."

पुढच्या तासाला त्यांनी पाण्याच्या बादलीशेजारी दोन संत्री ठेवली. एक तसंच, एक सोललेलं. "कुठलं बुडेल?" एवढं विचारून त्या खिडकीशी न जाता मुलांकडे तोंड करून खुर्चीत बसल्या.

"सालवालं बुडेल, ते जड आहे," कुणीतरी म्हणालं. बऱ्याच जणांनी री ओढली. टाकून बघितलं तर सालवालं आरामात तरंगलं आणि सोललेलं तळाला गेलं.  मग एकच कल्ला उठला. बाईंच्या जिभेवर पाण्याचं सगळं भाषण येऊन थडकलं होतं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. कुणी म्हणालं संत्रं नासकं आहे. कुणी म्हणालं सालीला तेल असतं. मग एका पोरानं साल बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाला, "ही फुसफुशीत आहे. हिच्यात हवा आहे. म्हणजे संत्रं मोठं झालं, पण तेवढं जड नाही झालं."

"परत सांग," पहिल्या बाकावरची मुलगी त्याच्यावर ओरडली. "हळू सांग. 'तेवढं' म्हणजे केवढं?"

बाईंनी खुर्चीचे हात सोडले. बोलायची गरजच उरली नव्हती.

वर्षाअखेरीस मुख्याध्यापक पुन्हा मागच्या बाकावर येऊन बसले. तासाला रंग असा नव्हताच. भांडणंच जास्त झाली आणि टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. नंतर त्यांनी मुलांना विचारलं, "लोखंडी पेटी तळ्यात टाकली तर?" मुलांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी उलटे प्रश्न विचारले: पेटी केवढी? रिकामी की भरलेली? झाकण घट्ट बसतं का? काही जण अजूनही जडाचंच घेऊन बसले होते. बाईंनी ते लपवलं नाही.

त्यांना 'उत्तम' मिळालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक पायरी खाली. गुण जेमतेम पहिल्याइतके वर आले होते आणि धडे मागे राहिले होते. बाईंना वाईट वाटलं, पण भांडावं असं काही त्यांना सापडलं नाही. सही करून त्या म्हणाल्या, "आणि सर, तुमचं उद्दिष्ट काय होतं यंदा?"

मुख्याध्यापकांनी मान तिरकी केली.  बाईंनी उत्तराची वाट पाहिली.

"खरं सांगू? खुर्चीवर आल्यापासून मी एकही तास घेतलेला नाही. आता वर्गात उभं राहायची भीती वाटते."

"मग सोमवारी माझा वर्ग घ्या. मी मागे बसते."

सोमवारी त्यांनी प्रकाशाचं परावर्तन शिकवलं. आणि काय सांगावं, तो मितभाषी माणूस वर्गात इतका बोलला, इतका बोलला, की घंटेनंसुद्धा हार मानली. घाबरलेला माणूस शांतता सहन करू शकत नाही, हे बाईंना मागच्या बाकावरून लख्ख दिसत होतं. हेही दिसत होतं की त्याला ते सांगायचं कसं, हे त्यांना अजिबात ठाऊक नाही. तारीफ आधी करावी का? मुलांनाच विचारावं का? त्यांनी तीन वाक्यं मनात जुळवली आणि तिन्ही खोडली.

तास संपल्यावर ते रुमालानं कपाळ पुसत त्यांच्याकडे आले.

"कसा झाला, बाई?"

"बसा," बाई म्हणाल्या आणि बाकावर सरकून त्यांना जागा दिली. "आधी तुम्ही सांगा."

पुढच्या वर्षीपासून नव्या शिक्षकांच्या तासाला बसायचं काम शाळेनं बाईंकडे दिलं. नवे शिक्षक त्यांना वचकून असत, पण एकदा त्यांच्याशी बोलून गेले की पुन्हा आपणहून बोलवत. बाईंची बोलण्याची हौस काही सुटली नव्हती; ती त्या शिक्षकखोलीत भागवून घेत, आणि तिथे मात्र कुणाची त्यांना थांबवायची टाप नव्हती.