चौथी ‘ब’चा न झालेला तास

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची सगळी पत्रकं तेच लिहायचे. सदरमधल्या प्रेसमधून गठ्ठे यायचे, पिवळ्या नाहीतर गुलाबी स्वस्त कागदाचे, आणि आम्ही घरातले सगळे जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. ‘कमळ’च्या आधी मी ‘व्यवस्थापन’ वाचलं, असं आई सांगते. त्यांच्या पत्रकाची सुरुवात नेहमी एका तुटक प्रश्नानं व्हायची. “गेटवरचा माणूस चालता-चालता वाचते,” ते म्हणायचे. “त्याचा पाय थांबला पाह्यजे.”

त्या घरात मोठी झाले म्हणून मला वाटायचं की खरी गोष्ट थोडक्यात लिहून माणसाच्या हातात दिली की तो ऐकतो. हे मी गेल्या वर्षापर्यंत मानत होते.

त्या घरात एका विषयावर मात्र कधी पत्रक निघालं नाही. सहावीत असताना एका सकाळी मला रक्त दिसलं. मी कोणालाही काही विचारलं नाही. दिवाणाखालचे गठ्ठे उपसले, कारण माझ्या माहितीप्रमाणे जगातली सगळी उत्तरं तिथं होती. किमान वेतन होतं, बोनस होता, भोंदूबाबा होते. शेवटी कारखान्यांच्या नाल्याच्या पाण्यावरचं एक पत्रक सापडलं. त्यात लिहिलं होतं की त्या पाण्यानं अंगावर चट्टे येतात, पोट दुखतं, रक्त पडतं. माझं पोट दुखत होतंच. मी ठरवलं की आपल्याला नाल्याचं पाणी बाधलं आहे. घरचं पाणी पिणं बंद केलं आणि शेजारच्या काकूंकडं जाऊन तहान भागवायला लागले. मग आईनं माझा फ्रॉक पाहिला. तिनं जुन्या सुती साडीचे तुकडे हातात दिले आणि म्हणाली, “बाबासमोर बोलू नको.” माझं शिक्षण तिथं सुरू झालं आणि तिथंच संपलं.

म्हणून मनीषनगरातल्या एका शाळेच्या, चौथी ‘ब’च्या वर्गशिक्षिका मला भेटायला आल्या तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीला शाळेतच पाळी आली होती. ती बाथरूमची कडी उघडेना. आत बसून ‘मी मरून राहिली’ म्हणून रडत होती. मी लहान मुलांसाठी लिहिते, शाळांमध्ये बोलते, हे बाईंना माहीत होतं. मुख्याध्यापकांनी दोन गुरुवारचे शेवटचे तास दिले. पहिल्या तासाला शरीराच्या सगळ्या भागांची नावं, कोणी कुठं हात लावायचा नाही, लावला तर काय करायचं. दुसऱ्या तासाला पाळी आणि मुलांचे प्रश्न.

पहिल्या तासाला मुलं आधी खूप हसली. एक मुलगा तर बाकाखालीच गेला. मी तेच शब्द पुन्हा म्हटले, नाक-कान म्हणावं तसे, आणि हळूहळू हसणं आपोआप विरलं. बाकाखालचा मुलगा वर येऊन म्हणाला, “मॅडम, डॉक्टर असला तं?” मी म्हटलं, “आई-बाबा सोबत असतील तर.” तो गंभीरपणे मान हलवून बसला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

घंटा झाल्यावर एक मुलगी मागं थांबली. दोन वेण्या, एक सुटलेली. 

“मॅडम, तुम्ही अजून येणार ना?”

“येणार ना. पुढच्या गुरुवारी.”

“मले एक विचारायचं आहे. सगळ्याईसमोर नाही.”

“आत्ता विचार.”

बाहेर व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता. तिनं दाराकडं पाहिलं. “लंबं आहे,” ती म्हणाली. “गुरुवारी सांगतो.” आणि पळाली.

त्या रात्रीपासूनच पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. शाळेत मुलांना काय काय शिकवलं, याची प्रत्येक मेसेजमध्ये भर पडत गेली. दोन दिवसांनी बाईंनी मला एक फोटो पाठवला, छापील पत्रकाचा. पिवळा कागद. वर मोठ्या अक्षरांत: ‘कोणाला विचारून?’ आणि खाली: ‘लेकरं आमची. ताप आला तर उशाशी आम्ही बसतो. मग बंद दारामागं त्यांच्या कानात काय पडावं, हे कोण ठरवतं? आज एक तास. उद्या?’

खाली नाव नव्हतं. मला नावाची गरज नव्हती. माणूस खोकला तरी घरचं माणूस ओळखतं, तशी मी ती वाक्यं ओळखली.

बाबा व्हरांड्यात चहा पीत होते.

“हे तुम्ही लिहिलं?”

“ओळखलं?” त्यांचा चेहरा खुलला.

आमच्या लेआउटमधले, म्हणजे वसाहतीतले, काही पालक त्यांच्याकडं आले होते. ‘काका, तुमच्यासारखं कोणाले जमते?’ असं म्हणाले होते. हे मला आईनं नंतर सांगितलं. तिनं हेही सांगितलं की बाबांनी लगेच टेबल रिकामं करायला लावलं आणि चष्मा दोनदा पुसला. कारखान्यात ठेकेदाराची माणसं आली, युनियन विरली, बाबा रिटायर झाले, तेव्हापासून त्यांच्याकडं पर्चा मागायला कोणी आलं नव्हतं.

“बाबा, तो तास मी घेऊन राहिली होती.”

“माहीत आहे ना. तुझं नाव टाकलं का मी कुठं? तुझ्याविरुद्ध नाही वं ते. शाळेनं पालकाले न विचारता काहून केलं, इतकंच विचारलं. चूक आहे का?”

चूक नव्हतं. पालकांना कोणी विचारलं नव्हतं. ‘हे कोणी ठरवलं’ असं विचारायला त्यांनीच मला शिकवलं होतं.

“पोरींना कळलं पाहिजे की नाही?”

“कळते सगळं टाइमावर. तुले कोणी सांगितलं होतं? झाली ना मोठी? लेखिका-बिखिका झाली.”

मग मी त्यांना नाल्याच्या पाण्याची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. रक्त, दिवाण, गठ्ठे, शेजारच्या काकूंचा माठ, सगळं. ते कप खाली ठेवून ऐकत होते. मला वाटलं, आता पाय थांबला.

“म्हणजे नाल्याचा तो पर्चा तू पुरा वाचला होता?”

“हो.”

“अवं, ऐकून राहिली का?” त्यांनी आत आईला हाक मारली. “सहावीत होती, अन् पुरा पर्चा वाचला! तिथं मोठमोठे लोकं पहिल्या पॅऱ्याच्या पुढं नाही गेले!”

ते हसत होते. खरंखुरं, अभिमानानं. आई आतून फक्त “ऐकलं” म्हणाली.

सोमवारी शाळेत पालकसभा झाली. आई-बाप पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून बसले होते. बाई म्हणाल्या, नाकाला नाक म्हणतो तसंच हे.

“नाक झाकून नाही ना फिरत मॅडम आपण!” मागून कोणीतरी म्हणालं. सगळा हॉल हसला.

“आमच्या टाइमले कोणी शिकवलं? झालेच ना आम्हाले पोरं?”

“तुले तं जास्तच झाले गा!” पुन्हा हशा.

एकानं माझ्याकडं बोट केलं. “या मॅडमचं लग्न झालं का?”

“नाही,” मी म्हटलं.

“मंग?” त्यानं दोन्ही हात पसरले, जणू सभा तिथंच संपली.

मी विचारलं, मुलं मोबाइलवर काय पाहतात हे तुम्हाला माहीत आहे का. एक गृहस्थ म्हणाले, “पाहतात ना, सब पाहतात. मंग तुम्ही काहून मेहनत करून राहिल्या?”

मग एक बाई उठली. साधी, कॉटनच्या साडीतली. “माझी पोरगी जेवताना तो शब्द बोलली. सासऱ्यासमोर. मोठ्यानं. ‘मले आज शिकवलं’ म्हणे. ते ताटावरून उठून गेले. मॅडम, तुम्ही सांगा, मी आता त्याईले तोंड कसं दाखवू?” या वेळी कोणी हसलं नाही. माझ्या शेजारच्या वर्गशिक्षिका हळूच म्हणाल्या, “तिचीच आई. मागं थांबली होती ना, तिची.”

नंतर कोणीतरी बाबांचं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. हॉल चिडीचूप झाला. मी लहानपणापासून ज्या शांततेची स्वप्नं पाहिली, ती हीच होती. मला वाटायचं, त्या वाक्यांत जोर येतो तो खरेपणातून. त्या दिवशी कळलं, तो जोर कोणालाही उसना मिळतो.

मुख्याध्यापकांनी तिथंच सांगून टाकलं: तास बंद. गुरुवारी शेवटच्या तासाला सुलेखन घेतलं जाईल. वर्गशिक्षिकांना पुढच्या महिन्यात पहिलीवर पाठवलं, आणि मला गेटवरून परत फिरवण्याची सूचना चौकीदाराला गेली.

काही आठवड्यांनी मला ती मुलगी शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात दिसली.

“मॅडम, तुम्ही आल्याच नाही.”

“येऊ दिलं नाही मला. तुला काय विचारायचं होतं गं?”

“आता नाही विचारायचं. मी विचारलं.”

“कोणाला?”

“वरच्या फ्लॅटमधल्या दादाले. त्यानं मोबाइलवर दाखवलं.”

मी तिच्या उंचीला खाली बसले. “काय दाखवलं?”

ती काचेवरची खोडरबरं उगाच सरकवत राहिली. “कोणाले सांगायचं नाही म्हणे,” ती म्हणाली आणि दुकानातून निघून गेली. खोडरबर न घेताच.

त्याच संध्याकाळी मी आणि बाई तिच्या घरी गेलो. आईनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. आम्ही सांगितलं तेवढं तिनं उभ्यानंच ऐकलं. कोणता दादा, हे तिनं विचारलंही नाही.

“त्याची आई माझ्या भिशीत आहे,” ती म्हणाली. मग बाहेरचं दार लोटून, “हिच्या बाबाले नका सांगू.”

“ताई, पण मुलीला—” बाई म्हणाल्या.

“हे तुमच्याच पायी झालं.” ती एकदम माझ्याकडं वळली. “तुम्ही त्या दिवशी आल्या नसत्या तं तिले असं काही विचारायचं सुचलं असतं का?”

याचं उत्तर माझ्याकडं होतं. आख्खं पत्रक भरेल इतकं होतं. पण त्या खोलीत ते कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. घाबरलेल्या माणसाला दोष ठेवायला कोणीतरी लागतं, आणि मी समोर बसले होते.

“आई, मॅडमनं नाही काही—” आतल्या दारातून मुलगी म्हणाली.

“तू चूप. आत जा.”

ती आत गेली.

“या आता तुम्ही,” आई म्हणाली. “अन् याच्यावर काही छापू-बिपू नका. हात जोडते.” आणि तिनं खरंच हात जोडले.

मी मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. तिकडून दोन बायका त्या घरी जाऊन आल्या. त्यांनी काम नीट केलं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. मुलीशी गोड बोलल्या, आईला थोडा वेळ बाहेर पाठवून पुन्हा विचारलं. दादाबद्दल विचारलं, मोबाइलबद्दल विचारलं, माझ्याबद्दलही विचारलं. मुलगी प्रत्येक वेळी ‘काही नाही झालं’ म्हणाली. न अडखळता, डोळ्यांत पाहून. मॅडमला काय सांगितलं होतं, असं विचारल्यावर म्हणाली, आठवत नाही.

त्यातल्या एका बाईंनी मला फोन करून हे सगळं सांगितलं. प्रकरण बंद करत असल्याचं त्या म्हणाल्या. आणि फोन ठेवता ठेवता, मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाल्या, “पोरगी फार समजदार आहे हो.”