शेंदूर फासलेली लिंबं

बसा, चहा उकळतोय तोवर एक ऐका. तुम्ही मला शिवारात कुणाकुणाशी भांडताना पाहिलंय. पण जो माणूस माझं भलं करायला आला, त्याच्याच मानगुटीवर मी कशी बसले, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. कोण सांगणार? सांगणाऱ्यालाही मी सोडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून मीच सांगते.

सणसरच्या खालच्या अंगाला आमचं रान. कॅनॉलमधून निघालेली चारी सगळ्या शिवाराला पाजत पाजत येते आणि आमच्या वांग्यांपाशी संपते. वरच्यांनी पोटभर जेवायचं आणि आम्ही पातेलं खरवडायचं! पाळीचं पाणी सुटलं की अर्धी वांगी भिजायची, तेवढ्यात पाळी सरायची. शेवटचे वाफे तोंड वासून माझ्याकडं बघत राहायचे. त्या साली फुलं धरली होती. आणखी एक पाळी अशीच गेली असती, तर अर्ध्या रानाची वांगी जागेवर करपली असती.

मी बारामती गाठली. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून म्हणाला, बाई, कोष्टकाप्रमाणं तुमच्या रानाला पाणी पुरतंय. मी म्हटलं, मग कोष्टकच नेऊन अंथरते वाफ्यात, बघू भिजतंय का. मी काही उठायचं नाव घेईना. शेवटी आतून एक तरुण साहेब आले. म्हणाले, पुढच्या पाळीला मी स्वतः येऊन पाणी मोजतो. कमी भरलं तर तुमची पाळी वाढवून देतो.

मी हवेत तरंगतच घरी आले. साहेब येणार म्हणजे कसे येणार, सांगा बरं? जीपगाडी, साखळ्या, झेंडे, पितळेचं चकचकीत यंत्र! निदान माझ्या डोक्यात तरी हेच.

पाळीचा दिवस उजाडला. मालक बाजाराला गेलेले. मी काष्टा खोचून दारं धरत होते, एक वाफा भरला की दुसऱ्यात पाणी वळवत होते. अर्धं लक्ष गाडीच्या आवाजाकडं. गाडी काही येईना. आणि चारीतून काय आलं म्हणता? लिंबू. पिवळंजर्द, वर तेलात कालवलेला शेंदूर फासलेला!

हात कशाला लावते मी त्याला! खोऱ्यानं उचलून बांधावर टाकलं. तर मागनं दुसरं. ते काढते तोवर तिसरं. एखादं लिंबू चुकून आलं म्हणावं, पण ही तर वरातच! माझ्या वांग्यांवर कुणीतरी जोरदार करणी केलेली. आता कोणी, हे काय विचारायचं? वर लागून रान कुणाचं? माझ्या धाकट्या जावेचं, यमुनाचं. वाटण्या झाल्यापासून बांधावरून आमचं बोलणं बंद होतं.

लिंबं घमेल्यात भरली, खोरं खांद्यावर टाकलं आणि गेले तिच्या दारात. घमेलं समोर आपटलं आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. यमुना चुलीपुढनं उठली, घमेल्यात डोकावली, आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"आक्का, करणीला एक लिंबू पुरतं. एवढी लिंबं माझ्याकडं असती तर मी लोणचं घातलं असतं."

बोलणं तसं बरोबर होतं. पण बरोबर बोललेलं मला कधी आवडलंय का? मी पुन्हा तोंड उघडणार, तोच तिच्या दारासमोरच्या चारीतून आणखी एक लिंबू डुलत आलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाली, "आक्का, ही तर माझ्यावर हाय."

"तुझ्यावर कशाला? माझ्यावर हाय!"

करणी कुणावर, यावरनं थोडं भांडलो. मग दोघींचंही ठरलं, की कुणावर का असंना, करणाऱ्याला धरायचा. वाटण्यांनंतर पहिल्यांदाच आम्ही जावा एका बाजूला आलो होतो! घमेलं घेऊन चारीत उतरलो. येईल ते लिंबू काढत काढत वर निघालो.

वरच्या वळणाला जांभळीखाली एक माणूस उकिडवा बसलेला. शेजारी लिंबांची पाटी, शेंदराची वाटी. एकेक लिंबू उचलतोय, हातातल्या घड्याळात बघतोय आणि पाण्यात सोडतोय. मी मागनं जाऊन त्याचं मनगटच धरलं.

"सापडलास! बोल, कुणी सांगितलं तुला हे?"

त्यानं वर पाहिलं. कचेरीतले साहेब!

"तुम्हीच सांगितलंत, बाई," ते म्हणाले. "पाणी मोजतोय."

माझ्या हातातलं मनगट कधी सुटलं, मला कळलंच नाही. पितळेचं यंत्र म्हणे दुरुस्तीला पुण्याला गेलेलं. लिंबू पाण्यात जवळजवळ बुडून तरंगतं, वाऱ्यानं भरकटत नाही, म्हणून लिंबं. गढूळ पाण्यात लांबनं दिसावं म्हणून शेंदूर. आणि माझ्या रानाच्या पार खालच्या टोकाला, चारी संपते तिथं, खुंटी ठोकून आबा, चारीला पाणी सोडणारे पाटकरी, सकाळपासून लिंबांची वाट बघत बसलेले! त्यांची हाळी काही येईना, म्हणून इकडं साहेबांना घाम फुटलेला, की एवढी लिंबं सोडली आणि खाली एकही पोचत नाही, म्हणजे या चारीचं पाणी जातंय तरी कुठं?

साहेब संध्याकाळी इंदापूरला जाणार होते. मोजणी झाली नाही तर माझी पाळी पुन्हा कोष्टकाच्या हवाली. मी घमेलंभर लिंबं त्यांच्या पाटीत ओतली आणि म्हटलं, सोडा आता, एकालाही कुणी हात लावणार नाही.

लिंबं निघाली. मी काठानं त्यांच्याबरोबर चालले. एक सरळ सुटलं. दुसरं डुबक्या मारत गेलं. तिसरं यमुनाच्या वळणावर, जिथं लव्हाळं माजलं होतं, तिथं गरगर फिरत बसलं. मला राहवतंय होय? काठीनं ढोसणार, तेवढ्यात साहेब ओरडले, "त्याला ढकलू नका!"

"अहो, हे रेंगाळलंय. ह्याला कशाला धरता हिशेबात?"

मग साहेबांनी समजावलं. पाणी घुसळत, उलटंपालटं होत येतं, म्हणून एकट्या लिंबाचं खरं धरायचं नाही. पुष्कळ सोडायची आणि सरासरी काढायची. म्हटलं, सरासरी मी चौथीत शिकलेय. तर म्हणाले, गंमत पुढंच आहे. सरासरी काढली की गरगरणं आकड्यांतून पुसलं जातं, पाणी कसं शहाण्यासारखं सरळ चाललेलं दिसतं. पण त्या गरगरण्यानं पाण्याचा जोर खाल्लेला असतो, तो काही परत येत नाही. तो वेगळा धरावा लागतो. कोष्टक करणाऱ्यांनी तो अंदाजानं धरला, स्वच्छ चारीसाठी. लव्हाळं त्यांनी बघितलंच नव्हतं.

मला एकदम लख्ख कळलं. माझ्या घराची सरासरी काढली तर घर शांत. सकाळी मी ओरडते, दुपारी मालक, रात्री दोघं गप्प. पण त्या ओरडण्यानं माणूस दमतं, ते कुठं मांडायचं? साहेबांना तसं सांगितलं. ते हसले, म्हणाले, मोठमोठ्या विद्वानांचं अजून तिथंच अडलंय.

संध्याकाळी आकडा लागला. पाणी कमीच होतं! साहेबांनी आमची पाळी वाढवून दिली. लव्हाळं मी आणि यमुनानं मिळून कापलं, तोंडं मात्र चालूच. पुढच्या पाळीला शेवटचा वाफा काठोकाठ भरला. मी त्यात नुसतीच उभी राहिले, घोट्याएवढ्या पाण्यात.

तेवढ्यात बांधावर साहेब आले, पाणी बघायला. यमुनाही होती. साहेब हसत म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुम्ही वर आलाच नसता, तर मी तसाच इंदापूरला गेलो असतो. खाली पाणी अजिबात पोचत नाही, असंच माझ्या कागदावर आलं असतं. पाळी दुप्पट द्यावी लागली असती."

यमुनानं माझ्याकडं बघितलं, भरलेल्या वाफ्याकडं बघितलं.

"आक्का," ती म्हणाली, "तुम्ही जन्मात एक दिस भांडायला आला नसता, तर आज ह्या रानात भात लावला असता."