वरण-भाताचं ताट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाच नीट कळत नाही.

आधी प्रदीपबद्दल सांगू द्या. माझा धाकटा भाऊ. कळमेश्वरला एका कारखान्यात वेल्डर आहे. दर रविवारी नागपुरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात जातो, नव्यानं आलेल्या पोरांजवळ बसतो. ज्याला चहाचा कप धरवत नाही, त्याच्यासाठी हा धरतो. एकेकाळी याचेही हात तसेच कापायचे. गर्द ओढायचा, वरून गोळ्या खायचा; रात्री काय केलं ते सकाळी आठवायचं नाही. घरातले पंखे गेले, शेगडी गेली. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि लवकरच वारले, तेव्हा आम्ही म्हणालो, यानंच खाल्लं त्यांना.

म्हणायला सोपंच होतं, नाही का? घरात एक बिघडलेला असला की बाकीचे आपोआप चांगले ठरतात.

त्या संध्याकाळी — हो, येतो तिथंच — तो पुढच्या खोलीत गोळ्या खाऊन पडला होता. आई त्याच्यासाठी वरण-भाताचं ताट घेऊन निघाली. मी नुकताच ऑफिसातून आलो होतो. ते ताट मला सहन झालं नाही. याला कशाला खाऊ घालतेस, म्हणून ओरडलो. आईनं ताट सोडलं नाही. मी हिसडा दिला. ताट माझ्या हातात आलं — आणि आई उंबऱ्यावर पडली. खुबा मोडला.

डॉक्टरांना तिनं सांगितलं, पाय घसरला. माझ्याकडे न बघता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्रदीप शुद्धीवर आला आणि थेट दवाखान्यात पोचला. व्हरांड्यात त्यानं मला विचारलं, "दादा, आईले म्या ढकललं काय गा?"

आणि मी म्हणालो, "नाही तं कोनं?"

एवढंच.

तो आपल्या पायांनी केंद्रात गेला. बरा होऊन आला, काम धरलं. आई पुन्हा धड चाललीच नाही. तिला उचलणं, अंघोळ घालणं, सगळं त्यानं केलं. वेणी घालायला शिकला. इतकी वाकडी यायची की आई आरशात बघून म्हणायची, "काय गा, वेल्डिंग करून राहिला काय?" दोघं हसायचे. तो माफी मागायचा तेव्हा ती म्हणायची, मी घसरली बापू. त्याला वाटायचं, आई आपल्याला सांभाळून घेते आहे. ती सांभाळत होती मला — आणि मी तिला मरेपर्यंत सांभाळू दिलं.

खरं कळलं तर तो पुन्हा गर्दकडे वळेल, असं मी स्वतःला सांगत आलो. किती सोयीचं! तो वळेल? माझी चूक डोक्यावर घेऊन ज्यानं आईला रोज उचललं, तो?

केंद्रात घरच्यांना बोलावतात, तेव्हा तो सगळ्यांसमोर उभा राहतो. पहिलं वाक्य नेहमी तेच — "म्या माह्या आईले ढकललं होतं." मी मागच्या रांगेत असतो. टाळ्या वाजतात, तेव्हा मीही वाजवतो.

येत्या रविवारी पुन्हा बोलावलं आहे. ते वाक्य त्यानं म्हणण्याआधी मी त्याला सांगणार आहे. मग तो मला दादा म्हणेल की नाही, ते त्याचं त्यानं ठरवावं.

ताट मी ओढलं. तो पुढच्या खोलीत झोपला होता.