दोन सायलेन्सर आणि जुना पाइप

पोटच्या पोराबद्दल असं लिहू नये, पण आमच्या उत्तमला आईची भीड म्हणून उरलेली नाही. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि मला न विचारता गाडीला दोन सायलेन्सर घेऊन येतो. आणले ते आणले, वर माझ्याच खाटेखाली सरकवून ठेवले. का, तर बाहेर दव पडतं, गंज चढेल. म्हणजे लोखंडाची काळजी, आणि आईनं त्या लोखंडावर निजायचं.

गाडी कुणाची? माझी. आरसी बुकावर नाव माझं आहे. तिसरीत शाळा सुटली तरी त्या कागदावर मी सही केलीय, अंगठा उठवलेला नाही. मालकांनी, म्हणजे आमच्या घरधन्यांनी, उत्तमच्या दादांनी, ट्रक घेतला तेव्हाच मला सांगितलं, "ही तुझ्या नावावर. आजपासून मी तुझा ड्रायव्हर." थट्टेनं म्हणाले होते. पण घरात मला मालकीणबाई म्हणायला लागले, मग गावही म्हणायला लागलं, आणि मी म्हणू दिलं.

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. कोकणातून जांभ्याचा चिरा भरून घाट चढून आले, आणि गावाच्या वर खिंड आहे, तिथल्या वळणावर दिवस उगवताना गाडी रस्ता सोडून झाडावर गेली. गाडीचं नुसतं तोंड चेपलं. ह्यांच्या छातीत स्टेअरिंग बसलं. लोक म्हणाले, झोप लागली. मीही तेच म्हणत आले. आता तीच गाडी, त्याच घाटात, उत्तम चालवतो.

सायलेन्सर मागून कुजलाय, बदलायला पाहिजे, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. उत्तम म्हणतो दोन लावायचे, दोन्ही अंगांनी धूर, गाडीला रुबाब, आणि इंजिनाला चढावर मोकळं वाटेल. रजाक मिस्त्री म्हणाला, "इंजिनाला तोंड एकच हाय. मागं दोन फाटे करा न्हाईतर चार, चढाला फरक न्हाई. आवाज तेवढा वाढंल." आमची सून शालन. तिनं भांडी उचलता उचलता मध्येच तोंड घातलं, "आत्या, आवाजाचं राहू द्या. हे रोज डोकं धरून घरी येत्यात, त्याचं बघा की." मी म्हटलं, "चहा कमी कर म्हणावं त्याला."

आणि शेवटी मी निकाल दिला. मागं एक लावा, दोन लावा, पण पुढच्या पाइपाला हात लावायचा नाही. पुढचा पाइप म्हणजे इंजिनापासून निघून कॅबिनच्या खालून जातो तो. गाडीचा आवाज त्या पाइपात आहे. तो गेला तर ती दुसरीच कुठली तरी गाडी.

निकाल देऊन, जेवून, तोंडावर पदर घेऊन मी दुपारची आडवी झाले.

डोळा अजून नीट लागलेला नाही. पत्र्यावर कावळा चालतोय, त्याची नखं ऐकू येतायत. परसात शालननं पाण्याची घागर ठेवली तेही ऐकू येतं. मग खाट थरथरायला लागते. मला वाटतं खालचे सायलेन्सर हलतायत. उत्तमला हाक मारावी म्हणून मी उठून बसते, तर पाय जमिनीला लागत नाहीत. खाली रबरी चटई आहे. खाटेची माची कुठं गेली कळत नाही, मी गाडीच्या बाकावर बसलेय, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला.

गाडी मालक चालवतायत.

डोक्याला टॉवेल आवळून बांधलाय. गेले त्या वयाचेच आहेत, एकसष्टचे. मी एकोणसत्तर. मी आता ह्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, ह्या गोष्टीची मला फार लाज वाटते, मी पदर पुढं ओढते.

"बसा मालकीणबाई," ते म्हणतात. "बऱ्याच दिवसांनी."

"कुठं निघालाय?"

"घरी."

"मी घरीच तर होते."

"मग बरंच झालं. वाट सांगा."

समोरच्या काचेत रस्ता आहे आणि रस्त्याच्या कडेला माझी फळी आहे, डाळीचे डबे ओळीनं मांडलेली. गाडी डब्यांच्या खालून जाते. एकही डबा पडत नाही. पुढं ऊन आहे, उन्हात आमच्या परसातली दोरी, दोरीवर उत्तमचं लहानपणचं झबलं वाळतंय. मालक वायपरनं एकदा पुसल्यासारखं करतात आणि झबलं जातं, घाट येतो.

"वजन काय भरलंय?" मी विचारते. बायकोनं काहीतरी विचारावं म्हणून विचारते.

"चिराच की. तुला काय वाटलं, फुलं?"

आमच्या दोघांच्या मध्ये इंजिनावरचं झाकण आहे, जुन्या गाड्यांत असतं तसं, आणि त्याच्यावर माझा तवा आहे. हे बघून मला बरं वाटतं. हे बरोबर आहे. तुम्हाला सांगायला पाहिजे, खिंडीच्या वळणावर हे गिअर बदलायचे आणि गाडी एकदा घुमायची. असं घुमणं पंचक्रोशीत दुसऱ्या गाडीला नव्हतं. ते ऐकलं की मी तवा चढवायची. गाडी दारात लागेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली. कुणी फोन केला नाही, कुणी निरोप दिला नाही, ह्यांना कधी गार जेवण वाढलं नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, हिला कान हायत का काय हायत. ह्याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू, अजून आहे.

तव्यावर भाकरी नाही. तव्याच्या कडेनं धूर येतोय.

"धूर येतोय," मी म्हणते.

"तुमच्या चुलीचा असंल."

"चूल कुठं पेटवलीय मी?"

"मग माझ्या गाडीचा."

धूर गिअरच्या दांड्याच्या बुडातून येतोय, जिथं तो जमिनीत शिरतो तिथून. निळसर, पातळ. मी काच खाली करायला हँडल फिरवते. हँडल फिरतं, फिरतं, काच तिथंच. बाहेर पाऊस नाही, थंडी नाही, तरी काचा वरपर्यंत बंद.

"काचा उघडा की हो."

"चिऱ्याची लाल धूळ येती आत. तूच म्हणतीस, शर्ट घासून घासून हात गेलं."

मी म्हणाले होते. त्याच शब्दांत.

गाडी थांबते, किंवा रस्ताच थांबतो. आम्ही रजाक मिस्त्रीच्या शेडसमोर उभे आहोत आणि शेडच्या आत आमच्या शेजारणीचा ओटा आहे. ओट्यावर मी बसलेय, तेरा वर्षांपूर्वीची, केस मोकळे, वेणी घालून घेतेय, हसतेय. समोर आमचं दार. दाराच्या पायरीवर मालक उपाशी बसलेत. गाडी केव्हाची येऊन उभी आहे, मला कळलंच नाही, कारण त्या दिवशी तिला नवा पाइप, नवा सायलेन्सर बसवलाय आणि ती खिंडीतून मुकाट्यानं उतरलीय.

"मालकीणबाई," शेजारीण म्हणते, "तुमचा ड्रायव्हर उपाशी बसलाय बघा!" आणि सगळ्या खिदळतात.

"चला इथनं," मी ह्यांना म्हणते. "हे मला बघायचं न्हाई."

"बघ जरा," ते म्हणतात. आता मालकीणबाई म्हणत नाहीत. "मग तू काय म्हणालीस?"

"मला आठवत न्हाई."

"आठवतंय."

आठवतंय. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, तो नवा काढून टाका, जुना परत बसवा. ते म्हणाले, अगं, तो फुटलाय, धूर आत येतो. मी म्हटलं, मग ठिगळ मारा, माणसं ठिगळाचे कपडे घालत नाहीत का. दोन दिवस मी बोलले नाही ह्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खिंडीत गाडी घुमली आणि मी जिंकले म्हणून हसत तवा चढवला.

मालक वाकतात आणि बाकाखालून पाइप काढून माझ्या मांडीवर ठेवतात. जड आहे, आणि थंडगार. मधोमध तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून वेल्डिंग केलेलं, वर तार आवळलेली. वेल्डिंगच्या कडेला बोटभर चीर. चिरेभोवती काजळी.

"हे असंच होतं?" मी विचारते.

"महिन्याभरात परत फुटलं. पुन्हा डाग मारला. पुन्हा फुटलं."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं. डोकं धरतं म्हणालो."

"आणि मी?"

ते माझ्याकडं बघतात. रागानं बघितलं असतं तर मी दोन शब्द ऐकवले असते. ते नुसते बघतात, जसं जेवण झाल्यावर बघायचे.

"चहा कमी प्या म्हणालीस."

गाडी पुन्हा चालू आहे. कधी सुरू झाली कळलं नाही. चढ लागलाय. धूर आता माझ्या गुडघ्यापर्यंत आलाय, पाय दिसत नाहीत. मला खोकला येत नाही, हे मला फार भयंकर वाटतं. डोळे मिटावेत एवढंच वाटतं.

"लोक म्हणत्यात, तुम्हाला झोप लागली," मी म्हणते.

"कोण लोक?"

"सगळे." मग म्हणते, "मी बी."

"तीस वर्षांत गाडीवर कधी डुलकी घेतली मी?"

"न्हाई."

"ते वळण मला दिसत होतं. झाड बी दिसत होतं. हाताला सांगत होतो, वळव. हात ऐकंना झाले."

मला रडू येत नाही. त्यांच्या समोर मी कधी रडलेले नाही, आणि मेलेल्या माणसासमोर रडून काय मिळवायचं. मी दुसरंच विचारते. ज्या भांडणाचा निकाल देऊन आडवी झाले होते तेच विचारते, कारण ते माझ्या हातात आहे.

"उत्तमनं दोन सायलेन्सर आणलेत. रजाक म्हणतो एक बास. एक लावू का दोन?"

ते हसतात. हसता हसता टॉवेल आणखी आवळतात, कानशिलाजवळची शीर टरारून दिसते.

"मागनं किती तोंडांनी धूर निघतो त्यावर भांडताय व्हय गं?" ते म्हणतात. "हितं आत किती निघतो ते कुणी बघितलं का?"

"तुम्हीच सांगा ना मग. तुमचा शब्द मोडायचा न्हाई तो."

"गाडी माझी हाय का?"

मी काही बोलायच्या आत गिअर बदलतो आणि गाडी घुमते. तोच आवाज. अकरा वर्षं मी हा आवाज कानांत जपला. आता तो माझ्या पायाखालून, त्या चिरेतून येतोय, आणि प्रत्येक घुमण्यासरशी धुराचा एक लोट वर येतो. माझं लक्ष त्या धुरावर जातं, वर बघते तर स्टेअरिंगवरचे हात बदललेत. केसाळ मनगट, त्यात शालननं बांधलेला काळा दोरा. डोक्याला टॉवेल तसाच आवळलेला.

"उत्तम," मी म्हणते.

तो रस्त्याकडं बघतोय. डोळे उघडे आहेत.

"उत्तम, वळण आलंय."

डोळे उघडेच आहेत. वळण त्याला दिसतंय, मला माहीत आहे दिसतंय. मी त्याच्या हातावर हात ठेवते, हात ढेकळासारखा जड. मी हँडल फिरवते. काच हलत नाही. मी काचेवर मूठ मारते, दुसऱ्यांदा मारते, आणि...

मूठ भिंतीवर बसली होती. मी माझ्या खाटेवर होते. उन्हाची तिरीप उंबऱ्यापर्यंत आली होती, म्हणजे तासभर गेला असेल. शालन धावत आत आली.

"काय झालं, आत्या? का वरडलात?"

मला आता कुठं खोकला आला. खोकून खोकून जीव घाबरा झाला. पदरानं नाक पुसलं आणि पदर बघितला.

काळा. दोन नाकपुड्यांचे काजळीचे दोन ठसे, ओले. पुन्हा पुसलं. पुन्हा काळं.

"गाडी चालू केली हुती का त्यानं?" मी विचारलं.

"कशी करतील? बॅटरी सकाळपासून चार्जिंगला दिलीया."

"तू चूल पेटवलीस?"

"चूल कुठली आत्या, चार वर्षं झाली गॅस हाय." तिनं पदराकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. "हे काय लागलं? असं तर ह्यांच्या रुमालाला असतं."

"रोज?"

"घाटातनं आलं की रोज. मी सांगायचं म्हटलं की तुम्ही..." तिचं बरोबर होतं. मी कुणाला सांगू देते?

मी पदर तसाच मुठीत धरला आणि बाहेर गेले. गाडीखालून उत्तमचे पाय बाहेर आले होते, पान्याचा आवाज चालला होता. मी त्याच्या तळव्याला पायानंच डिवचलं. तो सरकत बाहेर आला, मातीत उठून बसला, कपाळ दाबत.

"आई, थांब जरा, पुढच्या पाइपाला हात लावलेला न्हाई मी. मागचंच सोडवतोय. दोन बसतील बघ झकास."

"दोन न्हाई. एकच लावायचा," मी म्हटलं. "आणि इंजिनापासून शेपटापर्यंत सगळा नवा. पुढचा पाइप आत्ता काप. माझ्यासमोर."

"काप? अगं, दादांच्या हातचा हाय तो. आवाज जाईल गाडीचा."

"जाऊ दे. तुझ्या दादांनी तो काढून टाकला होता. मी भांडून परत लावायला लावला, आवाज ऐकायला." शालन दारात येऊन उभी होती. ऐकू दे, म्हटलं. शेजारणीनं ऐकलं तरी ऐकू दे. "दादांना झोप लागली न्हवती, उत्तम. माझ्या हट्टापायी ते धुरात बसले. तू बसायचा न्हाईस. ही गाडी माझ्या नावावर हाय, आणि मी सांगतेय, तो पाइप काप."