खड्ड्यात शीळ घालायची नाही

आमच्या साइटवरच्या त्या वेल्सच्या म्हाताऱ्याचा एकच नियम होता: खड्ड्यात शीळ घालायची नाही. दुबईत टॉवरच्या पायासाठी समुद्राच्या पातळीखाली खणलेला तो खड्डा, आणि हा तिथल्या पंपांचा फोरमन. मी इलेक्ट्रिकल बघायचो. आमच्यातला एखादा रत्नागिरीकर कामाच्या नादात शीळ घालू लागला, की हा ओरडायचा, "यल्ला, वर जा!" त्याच्या गावच्या शिशाच्या खाणीत शीळ म्हणजे अपशकुन.

त्या खाणीत त्याच्या वाडवडिलांची हयात गेली होती. "शिसं संपलं नव्हतं," चहा पिताना तो दर वेळी त्याच रागाने सांगायचा. "भाव पडला म्हणून मालकांनी पंप थांबवले. पाणी चढलं, खाण बुडाली. पुढे भाव वाढला, पण तोवर गावात माणूस उरला नव्हता."

दोन हजार आठची मंदी आली, काम थांबलं. ऑफिसातून साहेब आला आणि म्हणाला, "पंप बंद करा. खलास."

म्हातारा वाद घालत बसला नाही. प्लास्टिकची खुर्ची काखोटीला मारून तो शिडीने खड्ड्याच्या तळाशी उतरला आणि मधोमध बसला.

"वर या! पाणी चढेल!" साहेब ओरडला.

"मग बंद करू नका."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. स्विच माझ्या हाताशी होता. मी दोन्ही हात खिशात घातले.

तेवढ्यात पंपांच्या घरघरीतून खालची शीळ ऐकू आली. चांगली मोठ्याने घालत होता.