वायनेल गॅडीची पहिली काठी

हॉयट गॅडीची नजर एका दिवसात गेली नाही. मधुमेहानं ती हळूहळू कुरतडत नेली. आधी गळाला बांधायची गाठ दिसेनाशी झाली, मग पाण्यावर तरंगणारा ओंडका, आणि एका सकाळी समोरून येणारी दुसऱ्याची बोट. त्या दिवशी त्यानं आपली बोट धक्क्याला लावली, किल्ली बायकोच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "विकून टाक."

अलाबामातल्या आमच्या टार्प्ली गावात बास मासा धरणं हा छंद आहे असं कुणी म्हणत नाही. तो इथला दिनक्रम आहे. वसंतातली स्पर्धा कधी आहे ते बघून लग्नाच्या तारखा धरतात. हॉयट बोटींच्या मोटरी दुरुस्त करायचा आणि उरलेला वेळ तळ्यावर काढायचा. त्याची बायको वायनेल शाळेची बस चालवायची. तिनं आरशात एकदा बघितलं की मागच्या बाकावरची मारामारी थांबायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं मासे धरायची काठी कधी हातात घेतली नव्हती. "तळं म्हणजे माझी सवत," ती म्हणायची, "आणि सवतीच्या दारात मी पाय ठेवणार नाही."

मी त्यांच्या शेजारची, डेलिया. आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण आहे आणि ते कमरेइतकंच आहे, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं आणि ऐकू आलं.

बोट गेल्यावर हॉयट स्वयंपाकघरात बसायला लागला. सकाळी कॉफी घेऊन बसायचा तो जेवणापर्यंत, जेवून पुन्हा तिथंच. रेडिओवर हवामान लावायचा. पाऊस कुठं, वारा कुठून, पाणी किती तापलंय, सगळं ऐकायचा आणि काहीच बोलायचा नाही. मित्र यायचे, त्यांच्या माशांच्या गोष्टी सांगायचे, तर हा उठून आत जायचा. हळूहळू ते यायचे बंद झाले. एप्रिलमध्ये तो वायनेलला म्हणाला, "गॅरेजमधल्या काठ्या चर्चला देऊन टाक. भिंत मोकळी होईल."

दुसऱ्या दिवशी तो झोपलेला असताना तिनं त्यातलीच एक काठी उचलली आणि अंगणात येऊन फेकून बघितली. काठीवर दोरी गुंडाळायची हॉयटची रिळं सगळी वरच्या बाजूची, अंगठ्यानं आवरायची, मुरलेल्या माणसाची. वायनेलनं हात झोकला तसं रीळ गरगर फिरलं आणि सगळा तंगूस, गळाची ती बारीक दोरी, बाहेर येऊन त्याचा असा गुंता झाला की कावळ्यानं घरटं म्हणून घेतला असता. मी कुंपणापाशी गेले.

"हे काय चाललंय तुझं?"

"मासे धरायला शिकतेय."

"आत्ता? या वयात?"

"डेलिया, त्यानं त्या स्वयंपाकघरात बसून मरायचं ठरवलंय," ती गुंता उपसत म्हणाली. "आणि मला ते स्वयंपाकघर परत हवंय."

त्याच शनिवारी ती मला घेऊन कर्टिस लेडबेटरच्या दुकानात गेली. कर्टिस गळ, काठ्या, जिवंत किडे आणि उकडलेल्या शेंगा विकतो. माणूस चांगला, पण दुकानाची भिंत म्हणजे रंगीबेरंगी आमिषांची जत्रा. त्यानं वायनेलला बघितलं आणि तो जरा गडबडलाच.

"मिस वायनेल, हॉयटला काही हवंय का?"

"मला हवंय. नीट ऐक. माझ्याकडे बोट नाही. मी काठावरून धरणार. मला काही येत नाही, आणि काठावर झाडी आहे. काय घेऊ?"

कर्टिसनं भिंतीवरून एक एक काढायला सुरुवात केली. हे खोल पाण्यासाठी, हे गढूळ पाण्यासाठी, हा रबरी बेडूक, हा चमच्यासारखा चकचकीत पत्रा, हे थंडीतलं. काउंटर भरला. वायनेल हाताची घडी घालून बघत राहिली.

"कर्टिस, मी बस चालवली ती एका स्टिअरिंगवर. हे सगळं घेऊन मी काठावर उभी राहिले तर दिवसभर आमिष बदलत बसेन. मासा कधी धरू? एक काठी, एक रीळ आणि तू डोळे मिटून उचलशील ते एकच आमिष. बाकीचं भिंतीला परत लाव."

कर्टिस हसला. मग खरंच विचार करायला लागला. त्यानं दोन काठ्या काढल्या, दोन्ही मध्यम ताकदीच्या. एक सात फुटी. "लांब फेक जाते हिनं, सगळे हीच नेतात." दुसरी सहा इंचांनी आखूड. वायनेलनं दोन्ही उचलल्या आणि सरळ दुकानाबाहेर गेली. दारात पिकन अक्रोडाचं झाड आहे, खाली वाकलेल्या फांद्यांचं. त्याच्याखाली उभी राहून ती दोन्ही काठ्या झुलवायला लागली. लांब काठी तीनदा फांदीत अडकली, आखूड एकदाच.

"आखूड घेते. मला फांद्यांखाली उभं राहायचंय."

"अगदी बरोबर," कर्टिस म्हणाला. त्यानं काठीच्या खाली लटकतं, उघडं रीळ बसवलं, ज्याचा तंगूस सहसा गुंतत नाही. आमिष म्हणून मऊ रबरी गांडुळांचं एक पाकीट दिलं आणि गळाचं टोक गांडुळाच्याच अंगात कसं लपवायचं ते दाखवलं. "टोक बाहेर नसलं की पाणगवतात अडकत नाही. माशानं चावलं की आपोआप बाहेर येतं. काठावरच्या माणसानं हे एकच शिकलं तरी पुष्कळ."

घरी येऊन तिनं सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर हॉयटच्या पुढ्यात मांडलं. मी चहाच्या निमित्तानं थांबलेच होते.

हॉयटनं हात लावून बघितलं. "हे काय? शाळेतल्या पोरांचं खेळणं?"

"माझं आहे. तुला कुणी दिलंय?"

"भिंतभर काठ्या पडल्यात घरात."

"त्या तुझ्या. मला एकही झेपत नाही. बघितलं फेकून."

त्याचा हात मात्र काठीवरून निघेना. टोक वाकवून बघितलं. रिळाची मूठ फिरवली, कान लावला. मग पाकिटातलं एक गांडूळ बाहेर काढून बोटांत दाबलं.

"रंग कुठला?"

"हिरवट. भोपळ्याच्या सालीसारखा. वर काळे तीळ."

"हं," तो म्हणाला. "कर्टिसला थोडी अक्कल आहे तर." आणि गळ मागून घेऊन त्यानं बोटांनीच गाठ बांधली, जिभेवर ओली करून घट्ट ओढली. वायनेलनं माझ्याकडे बघितलं आणि मी चहात बघितलं.

मग रोज दुपारी ती गावाबाहेर तळ्याच्या छोट्या बंधाऱ्यापाशी जायला लागली. कितीतरी दिवस तिला काही मिळालं नाही. बोटीतून जाणारे ओळखीचे पुरुष हात करायचे. एकजण ओरडून म्हणाला, "मिस वायनेल, मासे बसमध्ये चढत नाहीत हो." तिनं त्याला सांगितलं, की तुझ्या मुलाला मी पाच वर्षं बसमध्ये चढवलंय, माशांना त्याच्यापेक्षा जास्त समजतं. पण संध्याकाळी ती दमून यायची, मान उन्हानं लाल झालेली, आणि हॉयट विचारायचा, "काय झालं?"

"काय होणार? फेकलं, ओढलं, फेकलं, ओढलं."

"कुठं फेकलंस?"

"मध्यभागी. होईल तितकं लांब."

"मध्ये मासा कशाला असेल? तू काठावर उभी, तो काठाला, आणि तू त्याच्या डोक्यावरून फेकतेस. काठाला धरून फेक, पाण्याच्या कडेकडेनं."

दुसऱ्या दिवशी तिनं तसं केलं. तरी काही नाही. "पाण्यात पडताना आवाज कसा होतो?" त्यानं विचारलं.

"आवाजासारखा आवाज होतो."

"धप्प की टुप्प?"

"मला नाही सांगता येत, हॉयट. तुला एवढं ऐकायचंय तर चल आणि ऐक."

मला वाटलं आता तो उठून आत जाईल. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा दोघं गाडीकडे जाताना दिसले. त्याच्या एका हातात घडीची खुर्ची होती आणि दुसरा हात तिच्या खांद्यावर.

त्या दिवसापासून मीही कधीमधी जायचे, शेंगांची पिशवी घेऊन. तो खुर्चीत बसायचा, ती फेकायची, आणि त्याची टकळी सुरू. "हा दगडासारखा पडला. मनगट वापर, खांदा नको." "आता तळाला जाऊ दे. थांब. अजून थांब. घाई कसली आहे?" ती उलट बोलायची. "तूच फेक मग." पण ऐकायची. आठवडाभरात तिला पहिला मासा मिळाला, तळहाताएवढा. तिनं तो हॉयटच्या हातात दिला. त्यानं तो चाचपला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "अभिनंदन. याला आता आईकडे जाऊ दे."

खरा दिवस जूनमध्ये आला. आभाळ भरलेलं होतं, वारा नव्हता. काठाला एक विलोचं झाड पाण्यात आडवं पडलंय, त्याच्या शेंड्यापलीकडे दाट पाणगवत. वायनेलनं वाकून, फांद्यांखालून, झाडाला समांतर असं फेकलं. टुप्प. हॉयट काही बोलला नाही, म्हणजे फेक चांगली होती. ती थांबली. तंगूस सैल पडला होता, तो आपोआप बाजूला सरकायला लागला.

"हॉयट, दोरी चाललीय."

"सैल आहे ती गुंडाळून घे. घेतलीस? आता झटका मार."

तिनं काठी मागे ओढली आणि काठी अशी वाकली की मी शेंगा खाली टाकल्या. मासा एकदा पाण्याबाहेर आला, उघडं तोंड दिसलं, मूठ जाईल एवढं, आणि परत पडून सरळ गवतात घुसला. तंगूस ताणला गेला आणि तसाच राहिला. वायनेल ओढत होती, काही हलेना.

"गेला," ती म्हणाली. "गवतात गुंडाळून गेला."

"ओढू नकोस. तुटेल. नुसती ताणून धर." तो उठून तिच्या आवाजाच्या रोखानं आला, काठीवरून हात पुढं नेत तंगुसापर्यंत पोचला आणि दोन बोटं त्यावर ठेवली. जरा वेळ तसाच उभा. "आहे. डोकं हलवतोय."

"मग काय करू?"

"तू काही करू नकोस." आणि तो पाण्यात उतरला.

"हॉयट. अरे, तुला दिसत नाही."

"गवतात तुला तरी कुठं दिसतंय?"

"बूट काढू नकोस मग. तुझ्या पायाला काही लागलं तर भरायचं नाही."

बूट घालूनच गेला. तंगूस त्याच्या बोटांतून सरकत होता आणि तो त्याच्या मागं मागं, आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. वायनेलनं काठी हलू दिली नाही. ती सारखी बोलत होती, "डावीकडे ओंडका आहे, डावीकडे नको," आणि तो म्हणत होता, "कळलं." गवतात पोचल्यावर त्यानं मुठी मुठीनं ते बाजूला केलं, जसं कुणी झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण काढावं. मग हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. बराच वेळ काही झालं नाही. नंतर तो सरळ झाला, माशाच्या खालच्या ओठात अंगठा रोवून, आणि मासा त्याच्या छातीवर धडपडत होता.

काठावर आल्यावर त्यानं मासा तिच्याकडे धरला. तो ओलाचिंब, हनुवटीला गवत. त्यानं विचारलं, "कसा दिसतो सांग."

वायनेल म्हणाली, "पाठ हिरवी, गडद. कुशीवरून काळा पट्टा गेलाय, शेपटीपर्यंत. पोट ताकासारखं पांढरं. डोळा सोनेरी, आणि तो माझ्यावर रागावलाय."

"रागावणारच," हॉयट म्हणाला. त्यानं मासा दोन्ही हातांवर तोलला. "मी आयुष्यात याच्यापेक्षा मोठे थोडेच धरलेत. मासा तुझा. काय करायचं?"

"घरी चवळी शिजवून ठेवलीय, जेवायला तेवढी पुरे," ती म्हणाली. तिनं वाकून मासा पाण्यात धरला आणि त्यानं कल्ले हलवेपर्यंत धरून ठेवला. मग सोडला.

येताना गाडीत हॉयट सगळा वेळ बोलत होता. मी मागं बसले होते, मला एक शब्द मध्ये घालता आला नाही. पुढच्या शनिवारी वायनेल त्याला कर्टिसकडे घेऊन गेली आणि तिच्यासारखीच काठी, तिच्यासारखंच रीळ त्याला घेऊन दिलं. तो कुरकुरला, पोरांचं खेळणं म्हणाला, पण आजही तो तेच वापरतो. आता दोघं बंधाऱ्यावर उभे असतात. कुठं फेकायचं ते ती सांगते, झटका कधी मारायचा ते तो सांगतो. जुने मित्र बोटी काठाला आणून थांबतात, आणि हॉयट त्यांच्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकतो. गॅरेजमधल्या काठ्या चर्चला गेल्या. वायनेलनं स्वतः नेऊन दिल्या.

तिचं कौतुक मला त्या माशासाठी वाटत नाही. मासे इथं पुष्कळांनी धरलेत. नवऱ्यावर ओरडणं सोपं होतं, रडणंही सोपं होतं. तिनं ज्या गोष्टीचा आयुष्यभर राग केला, तीच अनाडी हातांनी, भर उन्हात, लोक हसत असताना शिकून घेतली, आणि हे मी तुझ्यासाठी केलं असं त्याला एकदाही म्हणाली नाही.

आता गावातल्या बायका तिला विचारायला येतात, सुरुवातीला काय घ्यावं म्हणून. वायनेल त्यांना दुकानात नेत नाही. आधी रिकाम्या हातांनी बंधाऱ्यावर नेते आणि कुठं उभं राहणार ते विचारते. परवा मेथडिस्ट चर्चची ऑर्गन वाजवणारी बाई आली होती. तिनं तळ्याच्या मध्यावर बोट दाखवलं.

"मध्ये काही नाही, बाई," वायनेल म्हणाली. "खाली बघ. तुझ्या पायापाशी."