भुईची ऊब

आमच्या कळंबला थंडी पडते म्हटलं की शहरातले लोक हसतात. इंदापूर तालुका म्हणजे ऊन आणि धूळ, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अशा माणसाला एकदा मार्गशीर्षात उसाच्या फडाला लागून असलेल्या घरात झोपवायला हवं. कालव्याचं पाणी सुटलेलं असतं, रान ओलं असतं, आणि तो गारठा बांध ओलांडून दाराच्या फटीतून थेट अंथरुणात शिरतो. त्यावर आमच्याकडे इलाज एकच होता, तो म्हणजे चूल.

चुलीचं सुख ज्यानं घेतलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. सकाळी उठायचं, तोंडही न धुता चुलीपुढं जाऊन उकिडवं बसायचं आणि तळहात पुढं करायचे. पुढून शेकून झालं की पाठ करायची. आई भाकरी तव्यावरून काढून जाळापुढं उभी करायची, ती टम्म फुगायची, आणि त्या वाफेचा वास घेत आपण अजून जरा पुढं सरकायचं. चूल आणि भिंत यांच्या मधली जागा सगळ्यात उबदार. तिच्यावर पहिला हक्क मांजराचा, दुसरा माझा. तात्यांना तिथं मज्जाव होता.

तात्या म्हणजे माझे वडील. आमचं घराणं मूळचं मेंढपाळांचं. मेंढरं गेली, ऊस आला, ट्रॅक्टर आला, पण तात्यांना विस्तव दिसला की हात शिवशिवायचे. "बाभळीचं लाकूड घाल, त्याचा निखारा टिकतो," असं ते दारातूनच सुरू करायचे. आई मान वर न करता म्हणायची, "आवो, चूल माझी हाय. तुमी रानात जावा." तात्या तेवढ्यापुरते जायचे. आईची पाठ वळली की हळूच येऊन एक लाकूड आत सारायचे आणि काही न केल्यासारखं मिशीवरून हात फिरवत निघून जायचे. आईला हे माहीत होतं. चूल सारखी भडकायला लागली की ती मलाच विचारायची, "येऊन गेलं का?"

माझं लग्न बारामतीत झालं. सासरी गॅस, ओटा, सगळं चकाचक. नव्वदच्या दशकातली ती पहिली वर्षं, गॅस म्हणजे तेव्हा अभिमानानं सांगायची गोष्ट. तिथं मला काही कमी नव्हतं, पण थंडीत स्वयंपाकघरात उभं राहून कधी अंग गरम झालं नाही. गॅस भांडं तापवतो, माणसाची विचारपूस करत नाही, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

माझ्या डोहाळजेवणाला सासरची मंडळी कळंबला आली. आईनं चुलीवर पुरणपोळ्या केल्या होत्या आणि तात्यांच्या कृपेनं घरभर धूर झाला होता. माझी नणंद, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, बोलायला फटकळ पण मनानं वाईट नाही, डोळे पुसत हसत म्हणाली, "अगंबाई वहिनी, तुमच्याकडे अजून चूलच का?" बाकीचेही हसले. मीही हसले. दारात उभ्या असलेल्या तात्यांकडे मात्र माझं लक्ष गेलं, आणि ते हसत नव्हते.

त्यानंतर त्यांनी काय केलं ते मला बाळंतपणासाठी माहेरी गेल्यावरच कळलं. तात्यांनी मला चप्पलही काढू न देता स्वयंपाकघरात नेलं. चूल गेली होती. चुलीला जोडलेलं दुसरं तोंड, उलाण, तेही गेलं होतं. तिथं ओटा होता, ओट्यावर शेगडी, खाली लाल सिलिंडर, आणि भुईवर शेणाच्या सारवणाऐवजी शहाबादी फरशी. इतकी घासलेली की सिलिंडरचं लाल तिच्यात दिसत होतं. "बघ," तात्या म्हणाले, "आता कोन हसतंय बघू." त्या फरशीवर कुणी कळशी आपटायची नाही, बत्ता ठेवायचा नाही, असा घरात कायदा झाला होता. तात्या स्वतः तिच्यावरून मांजरासारखे चालायचे. मांजर बिचारं भिंतीपाशी येऊन जुनी जागा हुंगायचं आणि रागारागानं बाहेर जायचं.

मी आले त्या संध्याकाळी आईनं चहा टाकला, गॅस बंद केला, आणि मग म्हणाली, "एक इचारू का? पोरीला शेक कशाचा द्यायचा? सिलिंडर बाजंखाली ठिवायचा का?"

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाळंतिणीला आमच्याकडे शेक-शेगडी देतात. बाजेखाली निखाऱ्याचं घमेलं सरकवायचं, त्यावर चिमूटभर ओवा टाकायचा, वर बाळंतिणीनं बाळाला घेऊन झोपायचं. लेकीच्या बाळंतपणाला सासरच्यांनी पुन्हा हसू नये म्हणून तात्यांनी घर नवं केलं होतं, आणि बाळंतिणीला जे लागतं तेच नेमकं खणून बाहेर फेकलं होतं. गॅसला निखारा नसतो, हे त्या विस्तववेड्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अजून येळ हाय की," ते म्हणाले. "भाईर मांडू चूल. उद्या माती आनतो."

तो उद्या उजाडलाच नाही, कारण मुलगा लवकर झाला. बारामतीच्या दवाखान्यात झाला, आणि इतका लहान की तात्यांच्या पंजात मावला असता. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं, "याला ऊब द्या. औषध म्हणाल तर तेच. आणि धूर अजिबात नको." एवढंच. ज्या घरात जन्मभर उबेला तोटा नव्हता, त्याच घरात आता माझं लेकरू गार पडेल की काय, ही भीती घेऊन मी बाजेवर पडले.

मातीची नवी चूल त्या ओल्या हवेत लवकर वाळली नसती, म्हणून निखारे बाहेरून आणायचं काम तात्यांनी स्वतःकडे घेतलं. शेजारच्या चाचींकडे चूल होती. चाचांचं किराणा दुकान होतं, पण चाचींच्या घराचा खरा मान त्यांच्या चुलीलाच. सकाळ-दुपार तात्या रिकामं घमेलं घेऊन जायचे आणि भरलेलं घेऊन यायचे, वरून राखेचं पांघरूण घालून. मोठा ट्रॅक्टरवाला माणूस, विस्तव मागत फिरतोय, म्हणून पारावरची मंडळी चिडवायची. "तात्या, गॅस संपला का?" तात्या खाली मान घालून चालायचे.

पण दिवेलागणीनंतर विस्तव कुणाला द्यायचा नाही, अशी गावची रीत. मीठ, दही आणि विस्तव. दिला तर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. हिंदू असो की मुसलमान, रीत सगळ्यांना सारखीच. पहिल्या संध्याकाळी तात्यांना उशीर झाला आणि चाची दारातच म्हणाल्या, "तात्या, दिवा लागला की. आता कसा देऊ?" तात्या रिकाम्या हातानं परत आले. थोड्या वेळानं पाहते तर चाची स्वतःच दारात हजर, हातात घमेलं. "बाळाला बघाया आले," म्हणाल्या. बाळाला बघितलं, कडाकडा बोटं मोडली, आणि निघताना घमेलं तिथंच ठेवून गेल्या. सकाळी येऊन म्हणाल्या, "माझं घमेलं हितं इसरलं का ओ?" रोज संध्याकाळी त्या असंच विसरायच्या. दिलं कुणी नाही, घेतलं कुणी नाही, लक्ष्मी जागच्या जागी. एवढं हुशार विसरणं मी पुन्हा कुठं पाहिलं नाही.

आणि मग धुकं पडलं. सकाळ झाली तरी समोरचा गोठा दिसेना. चाचींचं सरपण रात्रीच्या दवानं भिजलेलं, त्यामुळे आलेल्या निखाऱ्यात अर्धे ओले कोळसे निघाले. घमेलं बाजेखाली सरकवताच धूर झाला, बाळ ठसकलं, आणि आईनं घमेल्यासकट तात्यांना खोलीबाहेर काढलं. मी बाळाला छातीशी धरलं होतं. त्याचे तळपाय गार लागत होते. मी पाजायला घेत होते आणि ते ओढतच नव्हतं. "आई, हा पीत न्हाय गं," मी म्हणाले. आईनं गाडी बघायला शेजारी हाक मारली, पण धुकं निवळल्याशिवाय गाडी निघायची नाही, असं उत्तर आलं. तात्या दारात उभे होते. त्यांनी एकदा बाळाच्या पायांकडे बघितलं आणि ते वळले.

मग स्वयंपाकघरातून लाकडं आपटल्याचा आवाज आला. त्या फरशीवर! आई धावत गेली आणि तिची किंकाळीच ऐकू आली, "आवो, फरशी!" तात्यांनी खोपटातली वाळकी बाभळ आणून फरशीच्या मधोमध रचली होती, मागचं दार, खिडकी सताड उघडली होती आणि जाळ केला होता. आमच्या खोलीचं दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं, धूर येऊ नये म्हणून. थोड्याच वेळात 'ताड' असा आवाज आला. मग आणखी एक.

"तडकली की ओ!" आई म्हणाली.

"तडकू दे."

पुढचं आईनं मला नंतर सांगितलं. जाळ बसल्यावर त्यांनी निखारे फावड्यानं ओढून अंगणात नेले, खराट्यानं राख लोटली, ओल्या फडक्यानं पुसलं, वाऱ्यानं धूर पार निघून जाऊ दिला. मग पोत्यावर पोतं आणि त्यावर आपली घोंगडी अंथरली. स्वतः गुडघ्यावर बसून गाल टेकवून बघितलं. एक पोतं आणखी घातलं. पुन्हा गाल टेकवला. मग दार उघडून मला म्हणाले, "ये. हितं नीज."

मी बाळाला घेऊन आडवी झाले. त्या उबेचं वर्णन मला अजून जमत नाही. ती अंगावर धावून येत नव्हती. खालून सावकाश पाठीत शिरत होती. चुलीपुढची ऊब एका बाजूची असते, ही सगळीकडून होती.

"निखारा भाजतो, भुई शेकती," तात्या भिंतीला टेकून म्हणाले. "मी मेंढरांच्या तळावर जलमलो. पूस महिना, उघडा माळ. असाच लहान हुतो म्हनं, मूठभर. माझ्या आईनं आगटीतला इस्तू बाजूला सारला, त्या भुईवर घोंगडं टाकलं अन मला घिऊन निजली. रोज नवा तळ, रोज नवी आगटी."

मेंढरांच्या शंभर गोष्टी तात्यांनी सांगितल्या होत्या, पण ही कधीच नाही. आई पदर तोंडाला लावून उभी होती. तेवढ्यात एक बारीक आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला. बाळ चुटूचुटू प्यायला लागलं होतं. मी रडले, अगदी हुंदके देऊन रडले, आणि आईनं "बाळंतिणीनं रडू नये" म्हणत स्वतःच डोळे पुसले.

धुकं होतं तोवर तात्या रोज तो जाळ करत राहिले. फरशीची पार वाट लागली. मधोमध काळा डाग आणि त्यातून चहूकडे निघालेल्या भेगा. अंगणात आईनं नवी चूल घातली आणि तिथं तात्यांना लाकूड सारायची परवानगी मिळाली, तीही फक्त सकाळची.

बारशाला सासरची मंडळी आली. बाळ गुटगुटीत नाही, पण बाळासारखं दिसायला लागलं होतं. नणंद त्याला कडेवर घेऊन घरभर फिरली, स्वयंपाकघरात आली, ओटा पाहिला, शेगडी पाहिली, कौतुक केलं. मग तिची नजर खाली गेली.

"अगंबाई! तात्या, नवी कोरी फरशी, अशी कशी फुटली?"

जिच्या एका हसण्यावर ही फरशी आली होती, तीच आता विचारत होती.

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तितं तुमचा भाचा निजत हुता, ताई," ते म्हणाले.

नणंदेला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, जाळ, घोंगडी, तात्यांची आई, सगळं. ती ऐकत राहिली. आईनं पुढं केलेला पाट तिनं पायानं बाजूला सारला, आणि भरजरी साडीसकट त्या काळ्या, तडकलेल्या फरशीवर बाळाला मांडीवर घेऊन बसली.